सांडवा कोरडाच होता

१

मंगळवारी सकाळी धामनटोल्याच्या तलावात मेलेले रोहू तरंगले आणि दुपारच्या जेवणाआधी गावानं गुन्हेगार ठरवूनही टाकला. मासा कशानं मेला हे कोणी विचारलं नाही. कोणी मारला, एवढंच विचारलं. मला अशा घाईचा भयंकर राग आहे.

मी अनुसया. मत्स्यबीज केंद्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काचा धुतल्या. साहेब सूक्ष्मदर्शकात बघून उठले की मी बघायची. साहेब बदलत गेले, मी तिथंच होते, त्यामुळे शेवटी शेवटी साहेबच मला विचारायचे, "अनुसयाबाई, हे काय आहे हो?" निवृत्त झाले तेव्हा भंगारात निघालेला सूक्ष्मदर्शक मी मागून घेतला. बाकीच्या बायांनी साडी घेतली.

तर दुपारी भाग्यश्री माझ्या दारात उभी. पाचवा महिना, अंगावर घाम, चार किलोमीटर चालत आलेली.

"बाई, चला वो. शुक्रवारी संस्थेची सभा हाय. माह्या नवऱ्याचं नाव काटून राहिले."

"रूपेशचं? कायले?"

"म्हनतेत त्यानंच तलावात बिमारी सोडली."

रूपेश तिचा नवरा. वरच्या मोवाटोल्याचा पोरगा, लग्नानंतर धामनटोल्यात घरजावई आला. भाग्यश्रीच्या वडलांमागे त्यांच्या जागी मासेमारांच्या सहकारी संस्थेत त्याचं नाव लागलं. नाव काटलं की तलावात जाळं टाकता येत नाही, आणि मासे धरून जगणाऱ्या ढिवराला तलाव नसला तर गावात राहून करायचं काय? भाग्यश्रीची आई खाटेवर. तिला टाकून ही दोघं जाणार कुठं?

"त्यानं केलं काय?" मी सरळ विचारलं.

"नाही केलं, बाई." आणि मग ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. मी तिला पाणी दिलं आणि सूक्ष्मदर्शकाची पेटी उचलली.

२

धामनटोल्याचा तलाव मालगुजारांच्या काळातला. त्याच्या वर, उत्तरेला, मोवाटोल्याचा तलाव. वरचा भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी नाल्यात, नाल्यातून खालच्या तलावात, खालचा भरला की त्याच्या सांडव्यावरून पुढच्या तलावात, आणि तिथून नदीला. एका घरातून दुसऱ्या घरात शिरायला दारं असतात ना, तसं आमच्याकडचं पाणी. त्यामुळे खालच्या गावात काही बिघडलं की बोट वरच्या गावाकडे जातं.

तलावाच्या बांधावर, पाळीवर, संस्थेचे अध्यक्ष देवाजी उभे होते. साठीचा माणूस, आवाज पहाडी, मन वाईट नाही, पण एकदा बोलले की मागे हटणं नाही.

मी एक अर्धमेला रोहू हातात घेतला. अंगावर लाल ठिपके, खवले उचकटलेले. कल्ल्यामागचा पर वर केला, तर खाली काहीतरी सरकलं. मसुरीच्या डाळीएवढं, चपटं, काचेसारखं आरपार.

"ऊ आहे ही," मी म्हटलं. "माशाची ऊ. रक्त पिते. एका माशावर दोन-चार असल्या तर मासा सहन करतो. इथं तर पन्नास आहेत."

"मंग बरोबरच बोललो मी!" देवाजी गरजले. "त्या रूपेशनं आनली! आठ दिवसांआधी मोवाटोल्याहून डब्बाभर जित्या मरळ घेऊन आला, बायकोचे डोहाळे पुरवाले. अन् डब्बा आपल्या घाटावर खंगाळला. मुन्नानं डोऱ्यानं पाह्यलं."

मुन्ना म्हणजे तलावाचा राखणदार. त्यानं मान हलवली. "हो जी. पाह्यलो मी."

"वरचं पाणी आलं असेल नाल्यातून," मी म्हटलं.

"कोठून येते? यंदा पानी कोठी पडला? वरचा सांडवा कोरडा हाय. नाल्यात बकऱ्या चरून राहिल्या."

खरं होतं ते. यंदाचं मत्स्यबीजही पाऊस नाही म्हणून अजून सोडलेलं नव्हतं. म्हणजे पाणी आलं नाही, बीज आलं नाही, तरी ऊ आली.

"मी सगळ्यायसमोर सांगतलो हाय, रजिस्टरात लिवलो बी हाय," देवाजी म्हणाले. "ज्याच्या घरातून बिमारी आली, त्याचं नाव काटायचं. मंग तो कोनी असो."

इतक्यात त्यांच्या बायको, नंदाबाई, चहा घेऊन आल्या. त्या मूळच्या मोवाटोल्याच्या. धामनटोल्यात आणि मोवाटोल्यात सोयरिकी इतक्या, की कोण कुठलं हे लग्नाच्या पत्रिकेतच कळतं.

"बाई, चाय घ्या. अन् तो कोपरा पाहा." त्यांनी तलावाच्या पूर्वेकडे हात केला. पाण्यावर शिंगाड्याच्या पानांची हिरवीगार चादर पसरली होती. "माहा शिंगाडा. मासे मरून राहिले, पन वेल पाहा कशी माजली. यंदा शिंगाडे खाले यायचं बरं."

"नंदे, इथं लोकाचं घर बुडून राहिलं अन् तुले शिंगाडे सुचतेत!" देवाजी खेकसले.

धामनटोल्याच्या सांडव्यावर मी नजर टाकली. हा तलाव उथळ, थोडक्या पावसानंही भरत येतो; अजून दोन वीत पाणी चढलं की सांडवा वाहणार. एक दणक्याचा पाऊस पुरे होता. मग या उवा पुढच्या तलावात, आणि तिथून नदीला. मग शोधायचं कोणाला आणि काटायचं कोणाचं नाव?

३

भाग्यश्रीच्या ओसरीवर मी सूक्ष्मदर्शक मांडला. रूपेश समोर उकिडवा बसला होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. सकाळपासून जेवला नव्हता, असं त्याच्याकडे बघून कळत होतं.

"डबा धुतलास?"

"धुतलो."

"मग आधी का नाही बोललास?"

"कोनी विचारलं नाही, बाई. डायरेक्ट नावच काटतो म्हनाले." मग खाली बघत तो म्हणाला, "माह्यामुळंच झालं असन तं? मलेच आता तसं वाटून राहिलं."

माझं डोकं फिरलं. "वाटून कशाला राहिलं? माणसाला जे वाटतं त्याच्यावर मासा मरत नाही! गप बस आणि मला बघू दे."

पंधरा उवा मी काचेवर घेतल्या. त्यातल्या नऊ पूर्ण वाढलेल्या माद्या, पोटात अंडी गच्च भरलेली. मी दोनदा बघितलं. मग भाग्यश्रीला बघायला लावलं, मग तिच्या नवऱ्याला.

"हे पाहा. या दिवसांतल्या कोमट पाण्यात ऊ अंडी घालते, ती फुटायला दोन-अडीच आठवडे लागतात. पिल्लाची अशी मादी व्हायला आणखी तेवढेच. डब्यातून एखादी-दुसरी ऊ आली असती, तर आज पाण्यात नुसती अंडी असती. एका माशावर पन्नास उवा, त्यात इतक्या अंड्यांवर आलेल्या माद्या, हे काम आठ दिवसांचं नाही. निदान दीड महिना झाला याला."

भाग्यश्रीनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो.

कसचं सुटतोय! संध्याकाळी देवाजींना सांगितलं तर म्हणाले, "मंग दीड महिन्याआधी बी त्यानंच आनली असन. तो तं दर पंधरा दिवसांनी वरत जाते. तो नाही, तं कोन? सांगा मले."

हा 'कोण' शोधायला आता वर मोवाटोल्यालाच जावं लागणार होतं.

४

बुधवारी सकाळीच मी मोवाटोला गाठला. दीड महिन्यापूर्वी, जूनच्या शेवटी, वरच्या संस्थेचं मोठं ओढजाळं धामनटोल्यानं मागून नेलं होतं. ते जाळं सांभाळतो गुलशन, रूपेशचा सख्खा काका. जाळं ओलं गेलं असेल, तर त्याच्यासोबत ऊही गेली असेल, असा माझा हिशेब.

गुलशन बायकोसोबत अंगणात मासे साफ करत बसला होता. टोपलीत पाच-सहा किलो रोहू. सगळ्यांचे खवले काढलेले.

"बाजाराचे आहेत?"

"हो जी."

मी खाटेवर बसले. इतकी वर्षं मी बाजारात मासा घेतेय. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी अख्खा मासा बघतं, खवल्यांची चकाकी बघतं, कल्ला उघडून बघतं, आणि मग कापायला सांगतं. खवले काढून आणलेला मासा बाई हातात धरत नाही, शिळा म्हणून पुढं जाते. मग हा माणूस स्वतःचं नुकसान का करून घेतोय?

"गुलशन, खवले कायले काढून राहिला?"

"असंच. लोकायले सोपं पडते."

"की लाल ठिपके दिसू नयेत म्हणून?"

त्याच्या हातातला विळा थांबला. बायको उठून आत गेली.

"जाळ्याचं विचारा, बाई," तो घाईघाईनं म्हणाला. "जाळं मी दोन दिवस पाळीवर वारवून देल्लो. आमच्या बापानं शिकवलं, ओलं जाळं दुसऱ्याच्या पान्यात टाकू नाही. कडक झालं होतं, पापडावानी. कोनालेबी विचारा."

त्यावर माझा विश्वास बसला. जाळं ओलं ठेवलं तर कुजतं, आणि ढिवर स्वतःचं जाळं कुजवणार नाही. आणि वाळलं की उवेचं अंडंही मरतं. जाळं सुटलं.

"जाळ्याचं झालं. आता तलावाचं सांग. उवा केव्हापासून आहेत?"

त्यानं विळा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "हिवाऱ्यापासून."

"आणि खाली कळवलं नाही?"

"कसा कळवू? खालचे म्हनले असते, नाला बांधून टाका. नाला बांधला तं आमचे धान बुडतेत अन् त्यायचे वारतेत. आम्ही ठरवलो, बोलायचंच नाही."

"तुझ्या सख्ख्या पुतण्याचं नाव काटतायत, गुलशन! त्याची बायको पोटुशी आहे. आणि तू इथं खवले काढत बसलास?"

मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारची कोंबडी उडाली. गुलशननं तोंड फिरवलं. डोळे पुसत होता, ते मी पाहिलं. पाहून थोडी लाजही वाटली, पण राग काही गेला नाही.

ऊ वरच्या तलावातली, हे पक्कं झालं. पण ती खाली उतरली कशी? पाण्यातून नाही, जाळ्यातून नाही, डब्यातून नाही.

५

गुरुवारी मी मुन्नाला पाळीवर धरलं. "सगळ्यात आधी मासा कुठं उड्या मारायला लागला?"

"आधी?" त्यानं डोकं खाजवलं. "आधी तं शिंगाड्याकडं, बाई. वीस-पंचवीस दिवस झाले असन. मासे बांबूले अंग घासत होते. मले वाटलं खेळून राहिले."

"घाटाकडे नाही?"

"घाटाकडं परवा-परवा."

घाट पश्चिमेला. नाल्याचं तोंड उत्तरेला. शिंगाडा पूर्वेला. डब्यातून ऊ आली असती तर घाटाकडून सुरुवात झाली असती, पाण्यातून आली असती तर नाल्याकडून. मला शिंगाड्यात जायचंच होतं. गुडघे दुखतात म्हणून डोंग्यात बसले आणि रूपेशला बांबू रेटायला लावला.

पाण्यावर बसल्या बसल्या मी विचार करत होते. वरच्या तलावातून खाली असं काय येतं, जे ओलंच आणावं लागतं? जाळं वाळवतात. मासा खातात. ओलं ठेवून, जपून, लेकरासारखं कोण काय आणतं?

मी पाण्यात हात घालून एक वेल ओढली. पाणी झटकून देठ उन्हात धरला. देठावर बारीक दाण्यांच्या ओळी, एकीला लागून एक, कोणी सुईनं टाके घालावेत तशा. काही दाणे रिकामे, फुटलेले. काही भरलेले, आणि त्यांच्यात काळे ठिपके. डोळे होते ते.

"बाई, हे काय?" रूपेशनं विचारलं.

"उवेची अंडी. ऊ ती काही माशावर घालत नाही. मासा सोडते आणि टणक काही दिसलं की त्याला चिकटवते. दगडाला, बांबूला, देठाला. वेल वरच्या तलावातून उपटली, तेव्हा अंडी तिच्यावर होती. आता सांग, हा कोपरा कोणाचा आहे?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

रूपेश डोंगा थांबवून उभा राहिला. देवाजींना आणि नंदाबाईंना तो मामा-मामी म्हणायचा.

"मामीचा," तो म्हणाला. "नंदामामीचा. देवाजीमामाच्या घरचा."

मग खाली बसला आणि म्हणाला, "बाई, नोको सांगू. मामी मरून जाईन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. उद्या ज्याचं नाव काटणार होते, तो हे बोलत होता.

६

शुक्रवारी समाजमंदिरात सभा. बाहेर आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. चाळीस-पन्नास माणसं. गुलशन बोलावल्याशिवाय आला होता, मागच्या भिंतीला टेकून.

देवाजींनी रजिस्टर उघडलं. मी उभी राहिले.

"आधी एक विचारायचं आहे. नंदाबाई, तुमची वेल कुठली हो?"

नंदाबाईंना वाटलं, कौतुक होतंय. "माहेरची! इथली वेल उन्हानं गेली होती ना. मंग भावाकडून आनलो. बोऱ्यात गुंडाळून, वरच्याच तलावाचं पानी शिंपत शिंपत. बैलगाडीत बसलो, पन एक पान सुकू नाही देल्लो."

"केव्हा?"

"आषाढ लागताच. दीड महिना झाला असन."

मी देठ आणि सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला आणि म्हटलं, या, एकेकानं बघा. जाळं वाळवलं म्हणून जाळ्यातून ऊ आली नाही. डबा आठ दिवसांपूर्वीचा, ऊ त्याच्या आधीची. सांडवा कोरडा, नाला कोरडा. ओली राहिली ती फक्त वेल. ती ओली ठेवली नसती तर अंडी वाटेतच मेली असती, पण ज्या बाईला वेल लावता येते ती वेल कधी सुकू देणार नाही. चूक झाली ती तिच्या चांगल्या हातामुळे झाली.

"अन् वरच्या तलावात उवा हिवाऱ्यापासून होत्या," मागून गुलशन बोलला. "आम्ही लपवलो. रूपेश, मले माफ कर गा."

सभेत इतका गोंधळ उठला की दोन मिनिटं काही ऐकू येईना. नंदाबाई देठ बघून परत आल्या त्या भिंतीला धरत धरत, आणि खाली बसल्या. तोंडावर पदर घेतला. "माह्या हातानं मारलो मी मासे," एवढंच त्या म्हणत होत्या.

देवाजींनी रजिस्टर पुढे ओढलं. मग त्यांनी पेन उचललं. तो पहाडी आवाज पार बसला होता.

"मी बोललो होतो, ज्याच्या घरातून आली त्याचं नाव काटायचं. कोनी असो. माह्या घरातून आली. माहं नाव काटून राहिलो."

आणि रूपेश उठला. जाऊन त्यानं रजिस्टरवर सरळ हात ठेवला.

"मामा, काटू नोको."

"बोललो तं बोललो. हात काढ."

"नाही काढत. तुमी माहं नाव काटत होते, तवा मी काय ठरवलो माहीत हाय? आता काही झालं तरी कोनाले सांगायचं नाही. काकानं बी भेवानंच लपवलो. आज तुमचं काटलं, तं उद्या ज्याच्या जाळ्यात उवा निंगतीन तो रातोरात मासा पुरून टाकन. कोनी बोलनार नाही. अन् तलाव मरन." रजिस्टरात लिहिलेल्या नियमावर त्यानं बोट ठेवलं. "मामा, नियमच काटा. जो सांगन, त्याले काही करायचं नाही. एवढं लिहा."

देवाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्याच हातानं वरची ओळ खोडली आणि खाली नवीन लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं. भाग्यश्री दारात उभी होती, ती तिथंच खाली बसून रडायला लागली. यावेळी मी तिला पाणी दिलं नाही. माझेच डोळे पुसत होते.

तेवढ्यात पत्र्यावर पहिला टपोरा थेंब वाजला.

"सांडवा!" मुन्ना ओरडला.

७

त्या दुपारी जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. नंदाबाई छातीभर पाण्यात सगळ्यात पुढे. माहेरची वेल त्यांनी स्वतः उपटली, पान न् पान, आणि बाया ती गोळा करून पाळीपलीकडे खड्ड्यात पुरत होत्या. पावसात वाळवणार कशी? म्हणून पुरली, वर चुना टाकला. पुरुष सांडव्यावर बारीक जाळी बांधत होते, म्हणजे उवा अंगावर घेऊन मासा खाली जाणार नाही. माशाशिवाय ऊ फार दिवस जगत नाही. मोवाटोल्याची वीस माणसं गुलशननं बोलावून आणली, ती आपल्या सांडव्याला जाळी बांधून थेट इकडे आली. अंधार पडायच्या आत दोन्ही जाळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सांडवा वाहिला, जाळी धरून राहिली.

नंतरचं काम रूपेशनं घेतलं. बांबूच्या पट्ट्या विणून दोन्ही तलावांत जागोजागी बुडवल्या. उवेला अंडी घालायला टणक जागा लागते, तर घे म्हणावं ही जागा. दर सहाव्या दिवशी पट्ट्या बाहेर, उन्हात कडक वाळवायच्या, अंडी मेली की परत पाण्यात. पहिल्या वेळी एका पट्टीवर अंड्यांच्या चाळीस ओळी होत्या. पोळ्यापर्यंत अकरा झाल्या. दसऱ्याला पाच. संपल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. पण मासा परत अंग धरायला लागला, आणि मोवाटोल्याहून कोणी खवले काढलेला मासा बाजारात आणेना.

दिवाळीनंतर भाग्यश्रीच्या घरी गेले होते. नववा महिना लागलेला, पोट सांभाळत ती भात कांडत होती, तर मी तिच्यावर ओरडले. तितक्यात अंगणात खालच्या, तिसऱ्या तलावाच्या गावची एक बाई आली. रंजिता नाव सांगितलं. मी तिला ओळखत नव्हते. चार कोस चालत आली होती, हातात पाण्याची बादली, बादलीत एक रोहू.

"रूपेशभाऊ हेच काय? आमच्या मासोरीवर काहीतरी फिरून राहिलं. दोनच हायत. मी म्हटलं, वाढायच्या आधी दाखवून टाकू." मग ती थोडी घुटमळली. "आमच्या गावचे नोको म्हनत होते. पन मी ऐकलो, की तुमच्या इथं सांगनाऱ्याले काही करत नाही."

रूपेशनं तिच्या हातातली बादली घेतली. "बसा, ताई," तो म्हणाला. "बरं झालं सांगतलं." आणि भाग्यश्रीनं कांडणं थांबवून तिला पाटावर बसवलं.